प्रोटॉनचं वस्तुमान खरंच गणिताने काढतात, की माहीत असलेल्या आकड्याला जुळवून घेतात?

बुधगावचा मास्तर

मंडळी, सांगलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. परवा अणुकेंद्राचा धडा चालू असताना एका मुलीने फळ्यावर बेरीज मांडली. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क, प्रत्येकी साधारण २.२ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेचं एकक). एक डाऊन, ४.७ च्या आसपास. बेरीज नऊ. आणि प्रोटॉन ९३८! "सर, बाकीचं कुठनं आलं?" मी ऊर्जा, आइनस्टाइन वगैरे सांगून वेळ मारून नेली. पण तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. ते ९३८ कुणी गणित करून काढलंय, की नुसतं मोजलंय?

वाचलंय त्यावरून एवढं कळतं की 'लॅटिस क्यूसीडी' नावाच्या पद्धतीने (क्यूसीडी म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या तीव्र बलाचा सिद्धांत, लॅटिस म्हणजे जाळी) महासंगणकावर हे काढतात. माझी शंका वेगळी आहे. क्वार्क सुटा सापडत नाही, म्हणजे त्याचं वस्तुमान काट्यावर ठेवून मोजलेलं नाही. ते ठरवतात कणांच्या वस्तुमानांवरूनच. मग त्याच क्वार्कवरून पुन्हा कणांची वस्तुमानं काढली, तर ही फिरून फिरून भोपळे चौकच झाली ना?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. शक्यतो मला वर्गात सांगता येईल असा.

उसाचा फड

आयला मास्तर, नऊची मोळी टाकायची आन पावती ९३८ ची? आमच्याकडं जल्मभर उलटी काटामारी बघितली. ह्यो काटा कुठं मिळतोय सांगा, ह्या हंगामाला कारखान्यावर बसवून घिऊ.

कृष्णाकाठ

फडबुवा :))

मास्तर, उत्तर सोपं आहे. ई = एमसी². क्वार्क आत प्रचंड वेगाने फिरतात, त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या क्षेत्रात ऊर्जा असते, तीच वस्तुमान म्हणून दिसते. एवढं सांगितलं की पोरं गप्प बसतात.

बुधगावचा मास्तर

@कृष्णाकाठ, तेवढं मी सांगितलं होतं. ही पोरगी गप्प बसली नाही म्हणून तर धागा काढला. 'ऊर्जा असते' हे ठीक, पण *किती* असते? ९३८ च का, ४०० का नाही, ५००० का नाही?

मिरज जंक्शन

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीला माझा दंडवत. या विषयात काही वर्षं घालवली आहेत, सध्या पोटापाण्यासाठी दुसरं करतो. जरा सविस्तर लिहितो.

विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आकडा आहे १/१३७. छोटा आहे, म्हणून गणित टप्प्याटप्प्याने करता येतं. पहिलं पद, मग त्याच्या शंभराव्या हिश्शाची दुरुस्ती, मग तिच्या शंभराव्या हिश्शाची. कागद-पेन्सिल पुरते. तीव्र बलाचं तसं नाही. झेड कणाच्या ऊर्जेला, म्हणजे ९१ जीईव्हीला, त्याची ताकद ०.११८ भरते. तिथपर्यंत ठीक. पण ऊर्जा कमी होईल, म्हणजेच अंतर वाढेल, तशी ती वाढत जाते. हे १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं, नोबेल मिळालं २००४ ला. प्रोटॉनच्या आकारापर्यंत येता येता ती एकच्या घरात जाते. आता दुसरं पद पहिल्याइतकंच, तिसरं दुसऱ्याइतकंच. बेरीज कुठे थांबवायची?

१९७४ मध्ये केनेथ विल्सनने वेगळा रस्ता काढला. अवकाश आणि काळ सलग न धरता चौकटींची चार मितींची जाळी धरायची. क्वार्क बिंदूंवर, ग्लुऑन दोन बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर. आता अनंत चलांऐवजी मोजकी (म्हणजे काही कोटी) चलं उरतात. पण त्यांच्या सगळ्या शक्य मांडण्यांची बेरीज करायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही, म्हणून यदृच्छेने नमुने घ्यायचे. ज्या मांडण्यांना जास्त वजन, त्या जास्त वेळा. ही मॉन्टे कार्लो पद्धत मायकल क्रॉइट्झने १९८० च्या सुमारास या कामाला लावली, आणि १९८१ मध्ये हॅड्रॉनच्या (क्वार्कपासून बनलेल्या कणांच्या) वस्तुमानांचे पहिले आकडे आले. कच्चे होते, पण आले.

भोपळे चौकबद्दल रात्री लिहितो. ट्रेन आली.

खटाववाला

जंक्शनवाल्यालाच ट्रेन पकडायची असते, वा!

(साताऱ्याहून वाचतोय. आमच्या कंदी पेढ्यात साखर किती हे कुणी गणिताने काढून दिलं तर दंडवत घालीन.)

निवृत्त उपअभियंता

जंक्शनरावांनी छान लिहिलं आहे, पण मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. मी पाटबंधारे खात्यात हयात घालवली. सहा-सात स्क्रू फिरवायला द्या, हवा तो आकडा काढून देतो. महासंगणक वापरल्याने जुळवाजुळव पवित्र होत नाही. मला एवढंच सांगा: आत किती आकडे घालता आणि बाहेर किती निघतात?

चिंचबन

काकांना +१. प्रश्न एकदम मुद्द्याचा.

मिरज जंक्शन

काका, हाच प्रश्न विचारायला हवा. उत्तर मोजूनच देतो.

२००८ साली 'सायन्स'मध्ये बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल (बीएमडब्ल्यू) गटाने हलक्या हॅड्रॉनांचा हिशेब छापला. आत घातलेले आकडे तीन. पायॉन या सगळ्यात हलक्या हॅड्रॉनचं वस्तुमान, त्यावरून अप-डाऊन क्वार्कचं वस्तुमान ठरतं (दोन्ही सारखे धरले होते). केऑनचं (स्ट्रेंज क्वार्क असलेला हलका कण), त्यावरून स्ट्रेंज क्वार्कचं. आणि क्साय नावाच्या कणाचं, त्यावरून जाळीची चौकट, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर, फर्मीमध्ये (१०⁻¹⁵ मीटर) किती हे कळतं. संपले स्क्रू.

बाहेर आले न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन), लॅम्डा, सिग्मा, डेल्टा, ओमेगा, ऱ्हो वगैरे धरून नऊ. न्यूक्लिऑन ९३६ आला, त्यावर संख्याशास्त्रीय चूक २५ आणि पद्धतीची चूक २२. प्रत्यक्षात ९३९.

म्हणजे मास्तर, वर्तुळ आहे असं वाटतं, पण प्रोटॉन त्या वर्तुळात नाहीच. क्वार्कचं वस्तुमान ठरवताना प्रोटॉनला कुणी विचारलेलं नाही. पायॉन यासाठी सोयीचा, कारण त्याच्या वस्तुमानाचा वर्ग क्वार्कच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो (१९६८ चं गेल-मान, ओक्स, रेनर यांचं सूत्र). प्रोटॉन मात्र क्वार्कचं वस्तुमान शून्य केलं तरी बहुतांशी तेवढाच जड राहतो.

निवृत्त उपअभियंता

तीन घालून नऊ. हे मान्य करण्यासारखं आहे. पण चूक ३ टक्क्यांच्या वर! आमच्या खात्यात एवढी सूट कुणी दिली नसती.

उसाचा फड

काका, तुमच्या खात्यातला कालवा आमच्या शिवारापत्तुर आलाच न्हाई अजून. टक्केवारीचं राहू द्या.

निवृत्त उपअभियंता

फडराव, तो विषय वेगळ्या धाग्यावर. तिथेही उत्तर देईन.

जुनी वही

इथे सगळे महासंगणकाच्या प्रेमात दिसतात. कोल्हापूरला एम.एस्सी. करताना आम्ही क्यूसीडी सम रूल्स शिकलो, त्याबद्दल कुणी बोलायला तयार नाही.

१९७९ मध्ये शिफमन, वाइनश्टाइन आणि झाखारोव्ह या तिघांनी ही रीत काढली. कल्पना अशी की निर्वात पोकळी मुळात रिकामी नाही. तीत क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांचं आणि ग्लुऑनचं घनीभवन आहे. एका बाजूला या घनीभवनाच्या भाषेत हिशेब मांडायचा, दुसऱ्या बाजूला कणांच्या भाषेत, आणि दोन्ही बाजू जुळवायच्या. इऑफेने १९८१ मध्ये यातून प्रोटॉनसाठी एका ओळीचं सूत्र दिलं: वस्तुमानाचा घन = २ × (२π)² × क्वार्क घनीभवन. घनीभवनाची किंमत (२४० एमईव्ही)³ घाला. ७९ चं घनमूळ ४.२९, गुणिले २४०, उत्तर १०३०. एस.टी.च्या तिकिटामागे मावेल एवढं गणित, आणि चूक दहा टक्के! शिवाय वस्तुमान *कशामुळे* आहे हे त्यातून दिसतं. लॅटिसमधून आकडा निघतो, समज निघत नाही. हे माझं ठाम मत आहे.

मिरज जंक्शन

@जुनी वही, सूत्र मलाही आवडतं. घनीभवनाची किंमत पुन्हा पायॉनवरूनच काढता येते, म्हणजे तिथेही प्रोटॉनला विचारलेलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगतो.

पण ती ओळ म्हणजे सगळ्यात खडबडीत अंदाज आहे. पुढची पदं घेतली की बोरेल वस्तुमान नावाचा एक मधला आकडा निवडावा लागतो, त्याची 'खिडकी' ठरवावी लागते, आणि वरच्या उत्तेजित अवस्था कुठून सुरू होतात तेही गृहीत धरावं लागतं. काकांच्या भाषेत हे स्क्रूच. आणि मुख्य म्हणजे दहा टक्क्यांची चूक पाच टक्क्यांवर आणायची ठरवली तर काय करायचं, याला तिथे खात्रीचा रस्ता नाही. लॅटिसमध्ये आहे. चौकट बारीक करा, पेटी (सगळ्या जाळीचा आकार) मोठी करा, नमुने वाढवा.

जुनी वही

आणि वीजबिल वाढवा.

मिरज जंक्शन

तेही.

चिंचबन

एक मूलभूत शंका. (संगणकवाली आहे, भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं.) एवढ्या मांडण्या तयार केल्या, ठीक. पण त्यातून 'वस्तुमान' नावाचा आकडा वाचतात कुठे? आणि चौकट किती, पेटी किती, हे कोण ठरवतं?

मिरज जंक्शन

ताई, जाळीवर एका जागी प्रोटॉनसारखे गुण असलेले तीन क्वार्क निर्माण करायचे, आणि काळाच्या दिशेने टी अंतरावर ते पुसायचे. या दोहोंमधला सहसंबंध मोजायचा. इथे काळ काल्पनिक धरलेला असतो, त्यामुळे लाटेसारखं वरखाली न होता तो e⁻ᵐᵗ असा घसरत जातो. घसरण किती वेगाने, तेच वस्तुमान. सुरुवातीला वरच्या अवस्थांची भेसळ असते. त्या जड, म्हणून लवकर मरतात. मग आलेख सपाट होतो. त्या पठारावरचा आकडा वाचायचा.

चौकट साधारण ०.१ फर्मी किंवा कमी. २००८ च्या कामात ०.१२५, ०.०८५ आणि ०.०६५ अशा तीन घेऊन शून्याकडे नेलं होतं. पेटीच्या बाबतीत नियम असा की ती पायॉनच्या कॉम्प्टन लांबीच्या (वस्तुमानावरून ठरणाऱ्या क्वांटम लांबीच्या) चौपट तरी हवी. ती लांबी १९७ (एमईव्हीवरून फर्मीत नेणारा आकडा) भागिले १३५ (पायॉनचं वस्तुमान), म्हणजे १.४६ फर्मी. चौपट केली की ६ फर्मीच्या जवळ. त्यापेक्षा लहान पेटीत पायॉन एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीतून आत येतो आणि प्रोटॉनला स्वतःचीच सावली लागते. म्हणून तेव्हा १९० एमईव्हीपर्यंतचेच पायॉन परवडले, खालचं अंतर सूत्राने ओलांडलं. आज थेट १३५ वर हिशेब होतात.

आता काकांचे ३ टक्के. पठार दिसायला टी वाढवावा लागतो, आणि खरी मारामारी तिथे आहे. प्रोटॉनचा संकेत त्याच्या ९३९ नुसार घसरतो. त्याच्यातला गोंगाट मात्र दीड पायॉननुसार, म्हणजे २०३ नुसारच घसरतो. दोन्हींतला फरक ७३६. त्याला १९७ ने भागलं की प्रत्येक फर्मीमागे ३.७. म्हणजे एक फर्मी पुढे सरकलात की संकेत गोंगाटाच्या मानाने ४० पट दुबळा. तो भरून काढायला नमुने ४० च्या वर्गाइतके, १६०० पट. आळस म्हणून तीन टक्के राहत नाहीत, काका.

चिंचबन

१६०० पट?! आता कळलं महासंगणक का लागतात ते. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठ

अवांतर: हे सगळं व्हायच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, गेल-मानने ओमेगा वजा कणाचं वस्तुमान सांगून टाकलं होतं. डेल्टा १२३२, पुढचा १३८५, त्याच्या पुढचा १५३०. पायऱ्या जवळजवळ सारख्या, मग पुढची १६८० च्या आसपास हवी. १९६४ मध्ये ब्रूकहेवनला सापडला, १६७२. क्वार्क ही कल्पनासुद्धा १९६४ ची, म्हणजे भाकीत त्याच्याही आधीचं. वही-पेन्सिल झिंदाबाद.

जुनी वही

झिंदाबाद!

निवृत्त उपअभियंता

कृष्णाकाठ यांनी नकळत माझा पुढचा प्रश्न सोपा केला. तिथे कण सापडायच्या आधी आकडा जाहीर झाला होता. २००८ मध्ये मात्र ९३९ हे जगाला पाऊणशे वर्षं ठाऊक होतं. लॅटिसने उत्तर माहीत *नसताना* काय काढलं?

मिरज जंक्शन

दोन किस्से.

२००५ मध्ये बी-सी मेसॉनचा (एक बॉटम, एक प्रतिचार्म) आकडा लॅटिसवाल्यांनी आधी जाहीर केला: ६३०४ एमईव्ही, चूक वीसच्या आसपास. त्यानंतर लवकरच फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने नेमकं मोजलं, ६२८६ च्या जवळ. बसला.

दुसरा जास्त रंगतदार. दोन चार्म क्वार्क असलेला क्साय-सीसी. २००२ मध्ये फर्मीलॅबच्याच सेलेक्स प्रयोगाने तो ३५१९ वर सापडल्याचं जाहीर केलं. लॅटिसचे बहुतेक आकडे मात्र त्याच्या वर, ३६०० च्या आसपास किंवा पुढेच येत राहिले. मोजणी एक सांगते, गणित दुसरं. दुसऱ्या कुठल्या प्रयोगाला ३५१९ वर तो पुन्हा दिसला नाही. २०१७ मध्ये एलएचसीबीला दोन धन प्रभाराचा क्साय-सीसी मिळाला, ३६२१ वर.

आणि घरची गोष्ट. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या निलमणी माथुर यांच्या गटाने २०१८ मध्ये चार्म आणि बॉटम दोन्ही असलेल्या कणांची वस्तुमानं छापली. त्यातले बरेच कण अजून कुठल्याच प्रयोगात सापडलेले नाहीत. काका, तो कागद जपून ठेवा, उत्तरपत्रिका नंतर तपासू.

निवृत्त उपअभियंता

क्साय-सीसीचा किस्सा पटला. मोजणीच्या विरुद्ध उभं राहून टिकलं, याला मी मार्क देतो. तरी एक खोडी काढतोच. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावाच्या) चुंबकीय आघूर्णाचं काय? २०२१ पासून 'नवं भौतिकशास्त्र सापडलं' म्हणून बातम्या वाचतोय. आता म्हणे सिद्धांताचाच आकडा बदलला.

मिरज जंक्शन

खोडी बरोबर जागी काढलीत. म्युऑनच्या हिशेबात तीव्र बलाचा एक छोटा पण चिवट वाटा आहे. २०२० मध्ये सिद्धांतवाल्यांनी तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजणीवरून घेतला, आणि फर्मीलॅबच्या प्रयोगाशी फरक पडला. त्याच सुमारास बुडापेस्टवाल्यांनी तो लॅटिसने काढला, तो प्रयोगाच्या जवळ गेला. पुढे इतर लॅटिस गटांनीही तसंच काढलं. २०२३ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या सीएमडी-३ ची टकरींची नवी मोजणी जुन्या मोजण्यांशीच जुळेना. २०२५ मध्ये सिद्धांतवाल्यांनी लॅटिसचा आकडा धरला, त्याच वर्षी जूनमध्ये फर्मीलॅबचा शेवटचा निकाल आला, आणि फरक उरला नाही. टकरींच्या मोजण्या आपसात का भांडतात ते मात्र सुटलेलं नाही.

खटाववाला

म्हणजे नवं भौतिकशास्त्र गेलं पुरात वाहून.

कृष्णाकाठ

सांगलीच्या धाग्यावर पुराचे विनोद नकोत. आयर्विन पुलाखालची पातळी बघत २०१९ ला रात्री जागून काढल्यात.

खटाववाला

क्षमस्व. पेढे पाठवतो.

बुधगावचा मास्तर

मंडळी, धागा माझ्या अपेक्षेपलीकडे गेला. वर्तुळाची शंका फिटली. आता दोन गोष्टी राहिल्या. एक, ९३८ ची फोड करून वर्गात देता येईल का? दोन, प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन जड का, हेही पोरं विचारतातच.

मिरज जंक्शन

फोड करायचा एक मार्ग १९९५ मध्ये शियांगडाँग जी यांनी सांगितला. त्यानुसार २०१८ च्या लॅटिस हिशेबात आलं: क्वार्कच्या वस्तुमानांमुळे ९ टक्के, क्वार्कच्या गतीची ऊर्जा ३२, ग्लुऑन क्षेत्राची ३६, आणि उरलेले २३ टक्के क्वांटम विसंगतीचे. हे शेवटचं वर्गात सांगायच्या भानगडीत पडू नका.

न्यूट्रॉन-प्रोटॉन फरक १.२९३ एमईव्ही. नुसत्या विद्युतप्रभाराचा हिशेब धरला तर प्रोटॉनच जड ठरायला हवा. पण डाऊन क्वार्क अपपेक्षा जड आहे, आणि न्यूट्रॉनमध्ये डाऊन दोन. २०१५ मध्ये त्याच युरोपीय गटाने दोन्ही परिणाम वेगळे काढले: क्वार्कच्या फरकामुळे अधिक २.५२, विद्युतचुंबकत्वामुळे उणे १.००. एकूण १.५१ (शेवटच्या घरातला फरक आकडे गोल केल्याचा), त्रुटीच्या मर्यादेत खऱ्या आकड्याशी जुळतो. हा फरक उलटा असता तर साध्या हायड्रोजनमधला प्रोटॉन टिकला नसता, आणि हा धागाही नसता.

चिंचबन

थांबा, मास्तरांच्या फळ्यावर क्वार्कचा वाटा १ टक्का होता. इथे ९ कसा?

मिरज जंक्शन

फळ्यावर तीनच क्वार्क होते. आत सतत निर्माण होऊन विरणाऱ्या जोड्याही असतात, त्यात स्ट्रेंजसुद्धा. त्या सगळ्यांचं वस्तुमान धरलं की ९.

जुनी वही

मास्तर, वर्गात दाखवायचंच असेल तर प्रोटॉन सोडा, दोलक घ्या. सरल आवर्ती दोलक बारावीला आहेच. सम रूल्सवाला असून सांगतोय, हा प्रयोग लॅपटॉपवर चालतो आणि लॅटिसची सगळी गंमत त्यात येते.

काळाचे वीसेक बिंदू घ्या, प्रत्येकावर एक आकडा x, टोकं एकमेकांना जोडलेली. एक बिंदू निवडा, x थोडा हलवा, 'क्रिया' (गतिज अधिक स्थितिज ऊर्जेची सगळ्या काळावरची बेरीज) कमी झाली तर बदल ठेवा, वाढली तर e च्या उणे वाढ घाताइतक्या संभाव्यतेने ठेवा. हे पुन्हा पुन्हा. मग x(t) गुणिले x(0) ची सरासरी काढा आणि घसरणीचा वेग वाचा. पहिल्या उत्तेजित पातळीचं अंतर मिळतं, योग्य एककांत ते १ यायला हवं.

इथे बरोबर उत्तर कागदावरही काढता येतं. चौकट १ घेतली तर ०.९६२. चौकट अर्धी केली तर ०.९९०. पाव केली तर ०.९९७. चौकट निम्मी की चूक चौथाई. चौकटीच्या वर्गाविरुद्ध आलेख काढा, रेघ मागे वाढवली की १ वर जाते. बीएमडब्ल्यूवाल्यांनी तीन चौकटी घेऊन प्रोटॉनचं केलं ते हेच.

मिरज जंक्शन

@जुनी वही, तुम्ही आमच्यात सामील झालात तर!

जुनी वही

मुळीच नाही. दोलकापुरतं.

चिंचबन

रात्री लिहून बघितलं, चाळीस ओळींचं पायथन झालं. चौकट अर्धी, बिंदू २०. पहिल्या दोन-तीन अंतरांना ०.९९ च्या आसपास येतंय, पुढे आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. काही चुकतंय का?

मिरज जंक्शन

काही चुकत नाही ताई. पुढच्या अंतरांना गोंगाट संकेताला गिळतो. नमुने वाढवा. आणि चाली साधारण अर्ध्या स्वीकारल्या जाताहेत का बघा. फारच जास्त स्वीकारल्या जात असतील तर x जास्त हलवा.

बुधगावचा मास्तर

ताई, तो प्रोग्राम इथे डकवाल का? आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर चालेल ना?

चिंचबन

चालेल सर, फक्त नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) लागेल. संध्याकाळी डकवते. जंक्शनदादा, सुरुवातीच्या किती फेऱ्या टाकून द्यायच्या? मी सगळे x शून्य धरून सुरू केलंय.

मिरज जंक्शन

आधी लागोपाठच्या नमुन्यांचा एकमेकांवरचा प्रभाव किती फेऱ्यांनी ओसरतो ते बघा. चौकट अर्धी असेल तर वीसेक फेऱ्या धरा. त्याच्या पाच-दहा पट सुरुवातीला टाकून द्या, आणि नंतरही दर वीस फेऱ्यांनी एकच नमुना घ्या. चौकट पाव कराल तेव्हा हा वीसचा आकडा चौपट करा, नाहीतर आलेखावरची त्रुटीची पट्टी (एरर बार) खोटीच लहान दिसेल आणि उपअभियंता काका पकडतील.

निवृत्त उपअभियंता

पकडणारच. प्रोग्राम डकवा, मीही चालवतो.